मसनाच्या पुलाचं उद्घाटन

"लिहून ठेवा! आजपासून निंबखेड्याची एकबी मयत पाण्यातून जाणार नाई. ह्या पुलावरून हत्तीची तिरडी नेली तरी पूल हूं म्हणणार नाई का चूं म्हणणार नाई!"

मधुकरराव सरपंचांनी हे वाक्य भोंग्यातून सोडलं तेव्हा एकोणऐंशी सालचा वैशाख होता. ऊन असं की भोंग्याचा पत्रा हाताला चटका देत होता, आणि फेट्याखालून निघालेली घामाची धार सरपंचांच्या नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबली होती. भोंगा वडनेरहून आणलेला, दमदार. त्याच्यामुळे हे वाक्य गावालाच नाही, नाल्यापलीकडच्या बाभळींनाही स्वच्छ ऐकू गेलं. गावानं टाळ्या वाजवल्या. बाभळी गप्प राहिल्या. गावापेक्षा बाभळींनाच अक्कल जास्त, असं म्हणायची पाळी पुढं आली.

आता हा पूल होता कुठं, ते सांगितलं पाहिजे. निंबखेड्याच्या मावळतीला नाला. नाल्यापलीकडं मसन. मसनापलीकडं बाभळी, आणि बाभळींपलीकडं काही नाही. जितेपणी तिकडं जायचं कोणाला कारण नव्हतं, आणि मेल्यावर टाळता येत नव्हतं. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसती वाळू, पण पावसाळ्यात तो छातीपर्यंत चढायचा. आणि निंबखेड्याची माणसं अशी हट्टी, की मरायची ती पावसाळ्यातच. उन्हाळ्यात त्यांना लग्नकार्यातून सवड नसायची.

मधुकररावांचे वडीलही असेच ऐन पुरात गेले होते. खांदेकऱ्यांचे पाय चिखलात फसले, तिरडी कलंडली, आणि जन्मात कधी पाण्यात न उतरलेला म्हातारा मेल्यावर पोहायला लागला. खाली एका झुडपाला अटकला तेव्हा कुठं सापडला. बाया मसनात जात नाहीत, म्हणून आनंदाबाई, म्हणजे मधुकररावांची माय, अलीकडच्या काठावर उभी होती. तिनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ती रडली नाही. घरी आल्यावर पोराला एवढंच म्हणाली, "मध्या, मले कोरडी नेजो. तेरवी कर का नको करू, लोकायले बुंदी वाढ का पिठलं वाढ. पण मले कोरडी नेजो."

त्या एका शब्दापायी मधुकरराव सरपंचकीला उभे राहिले. त्यापायी त्यांनी चपला झिजवल्या, साहेबांच्या दारात हात जोडले, पुढाऱ्यांच्या पोरींच्या लग्नात पंक्ती वाढल्या. आणि शेवटी पूल आणला. गावाला वाटायचं सरपंचाला विकासाचं वेड आहे. वेड एवढंच होतं, की माय थकत चालली होती आणि दरसाल पावसाळा येत होता.

तर टाळ्या थांबल्या आणि पाहुण्यांच्या हातात कात्री आली. पाहुणे म्हणजे त्या भागातले एक मोठे पुढारी. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे ते फीत दिसली की कापत चालले होते. पुलाच्या तोंडाशी लाल फीत ताणलेली होती. पाहुण्यांनी ती दोन बोटांत धरली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मधुकरराव, हा रस्ता पुढं कुठं जाते?"

मधुकररावांनी तोंड उघडलं, पण चिंधू कोतवाल त्यांच्या आधी बोलला. सरकारी माणसानं विचारलं की कोतवालानं झटकन सांगायचं, ही त्याची शिस्त.

"मसनात, साहेब."

"आँ?"

"सीधा मसनात. कुठं फाटा नाई, वळण नाई. आपण व्हा पुढं, आमी येतोच मागून."

पाहुण्यांची बोटं फितीवरून अशी उठली, जशी तव्यावरून उठतात. त्यांनी एकदा पुलाकडं पाहिलं, एकदा पलीकडच्या राखेच्या ढिगांकडं पाहिलं. मग त्यांना एकदम समुद्रपूरची मिटिंग आठवली. जीप धुरळा उडवत गेली. घाईत कात्रीही जीपमध्येच गेली. ती गावच्या शिंप्याची होती.

"आयमायचा कोतवाल!" मधुकरराव दात खाऊन म्हणाले. "मसनात म्हणायले काय झालतं तुले? पश्चिमेकडं जाते म्हणायचं!"

"साहेबानं खरं विचारलं म्हून खरं सांगतलं," चिंधू म्हणाला. "तिकडं दुसरं हाये काय?"

सरपंच स्वतःच पुढं सरसावले. फीत हातानंच तोडायची, म्हणाले. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून त्यांची बायको शोभाबाई कडाडली, "खबरदार पाय टाकला त! माहं कुंकू वर आलं का तुमाले?"

सरपंच जागीच थांबले. भोंगा अजून चालू होता, त्यामुळे हेही बाभळींना ऐकू गेलं.

मग नत्थूजी उठले. गावातला सगळ्यात वयस्कर माणूस. देवाधर्माचा काही पेच पडला की नियम नत्थूजी सांगायचे. नियम आठवला तर सांगायचे, नाही आठवला तर बनवायचे, पण आवाज दोन्ही वेळा सारखाच.

"मसनाच्या वाटेवर पहिला मान मयताचा," नत्थूजी म्हणाले. "जितं माणूस पहिले गेलं, का पूल त्याले ठेवून घेते."

"पण नत्थूजी, बांधणारे मजूर त रोजच इकडून तिकडं जात होते!" सरपंच म्हणाले.

"तवा तो पूल नोता. तवा ते काम होतं."

सरपंचांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"बरं, मयतीचा मान. मंग कोणाच्या बी घरची मयत चालन?"

"चालन कशी? पहिली मयत नेली का पूल त्या घरातून दुसरं माणूस मांगते. सोबत लागते त्याले. फक्त ज्यानं पूल आणला, त्याच्या घरची असली तर मांगत नाई. मालकाले वळखते तो."

सगळ्या गावाच्या माना हळूहळू एका बाजूला वळल्या. तिकडं निंबाखाली सोडलेल्या बैलबंडीत आनंदाबाई बसली होती. पूल पाहायला म्हणून मुद्दाम आली होती, नवं लुगडं नेसून. दम्यानं तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काऊन पाहून राह्यले रे माह्याकडं?" ती म्हणाली.

---

बांधकाम खात्याचा ओवरशिअर ओमप्रकाश हा माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त खातं आवडायचं. तो मोटरसायकलवरून आला, पुलाच्या तोंडाला बाभळीच्या काट्या आडव्या टाकून घेतल्या, आणि म्हणाला, "देखो सरपंचजी, उद्घाटन नाई झालं त पूल चालू नाई. आन चालू नाई, त आमच्या हिशोबानं तो पूलच नाई."

"मंग हा काय उभा हाये?"

"हे बांधकाम हाये."

फीत काही दिवसांनी एका बकरीनं खाल्ली. बकरी पलीकडं तर गेली नाही ना, ह्याची नत्थूजींनी स्वतः येऊन खात्री केली.

मग पाऊस लागला. आषाढात खालच्या आळीतल्या चंद्रभानला शेतात निंदता निंदता साप चावला. चांगला तरणाबांड माणूस. दुपारपर्यंत तोंडाला फेस आला आणि खलास. नाला छातीला लागलेला. मधुकरराव धावत काठावर गेले. काट्या स्वतःच्या हातानं ओढून बाजूला केल्या, हात रक्तानं भरले.

"पुलावरून न्या रे! पायी पडतो. कोरडा पूल हाये समोर!"

चंद्रभानचा भाऊ तिरडी खांद्यावर घेऊन पाण्यात उतरत होता. त्यानं मान वळवून पाहिलं. डोळे लाल. "एक गेला न घरातून," तो म्हणाला. "दुसराबी देऊ का? तुह्या घरचं काई असन त तू ने पुलावरून, सरपंच."

आणि मयत गेली पाण्यातूनच, नव्याकोऱ्या पुलाच्या अगदी बगलेतून. धार जोरात होती म्हणून खांदेकरी एका हातानं पुलाचा एकेक खांब धरत गेले. पुलाचा तेवढा उपयोग झाला. परत येताना त्यातलाच एक जण म्हणाला, "सरपंच, खांब मजबूत हायेत हां." त्याच्या मनात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

त्या दिवसापासून गावाचा रामराम बदलला. मधुकरराव पारावर गेले, की "रामराम सरपंच, कशा आहेत आनंदाबाई?" पिठाच्या गिरणीवर, "आनंदाबाई कशा आहेत?" मधुकरराव म्हणायचे, "बऱ्या आहेत." की समोरच्याचं तोंड उतरायचं. एकदा ते म्हणाले, "रात्री जरा खोकला जास्त होता," तर गिरणीवाल्यानं त्यांचा डबा सगळ्यांच्या आधी दळून दिला. मोतीलाल दुकानदारानं निरोप धाडला, की बांबू आणि सुतळी आपल्याकडून, धर्मादाय, केव्हाही माणूस पाठवा.

नत्थूजी तर एक दिवस घरीच आले. बाजेशी बसले आणि वाकून वाकून तिच्या नखांचा रंग पाहायला लागले.

"नत्थू," आनंदाबाई म्हणाली, "तू माह्याहून मोठा ना रे?"

"हौ ना वयनी. चांगला मोठा हाये."

"मंग तू काऊन नाई जात पुढं?"

"माह्या घरचा मान नाई ना," नत्थूजी खरंच हळहळून म्हणाले. "नाईतर म्या कायले बसलो असतो?"

"बस मंग. चहा पे. शोभा, ह्याले चहा दे वं, गुळाचा. माह्या मरणाची वाट पायता पायता घसा सुकला याचा."

मधुकरराव ओसरीवर हे ऐकत होते. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटा आला. कारण त्याच दिवशी सकाळी त्यांच्या हातून एक गोष्ट झाली होती. माय झोपेत होती. छातीची हालचाल दिसेना. मधुकरराव बाजेपाशी वाकले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं. बोटाला ऊन श्वास लागला. आणि त्या क्षणी त्यांच्या मनात जे काय उतरलं, ते बरं वाटणं होतं का वाईट वाटणं होतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ते तसेच मोरीत गेले आणि बोट राखेनं घासून घासून धुतलं.

---

इकडं पूल उभ्या उभ्या बिघडत होता. आपल्याकडची काळी माती म्हणजे जित्या जनावरासारखी. उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्या पाठीवर काही ठेवलं की अंग झटकते. गावाकडच्या टोकाला, जिथं रस्त्याची माती पुलाच्या सिमेंटला भेटते, तिथं आधी बोट जाईल एवढी भेग पडली, मग हात जाईल एवढी. पुलाची पहिली लादी एका कानावर झुकली.

मधुकररावांनी ओमप्रकाशला बोलावून आणला. त्यानं भेगेत छत्री घालून पाहिली. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

"काही नाई होत," तो म्हणाला.

"काही नाई कसं? पूल मोडून राह्यला ना!"

"सरपंचजी, समजून घ्या. हा पूल चालू हाये का? नाई. मंग जो चालू नाई तो बिघडन कसा? जे लेकरू जलमलंच नाई, त्याले खोकला होते का?"

"भेग त डोळ्यानं दिसते!"

"मले दिसते. खात्याले नाई दिसत. खात्याले चालू पुलाची भेग दिसते. तुमी एक मयत काढा ना पुलावरून. एकच. का झाला वापर सुरू. म्या लगेच दुरुस्ती मंजूर करून आणतो."

"म्हणजे वापरला त दुरुस्त करणार?"

"हौ."

"आन दुरुस्त केल्याबिगर वापरू कसा?"

"ते तुमच्या गावचं हाये," ओमप्रकाश म्हणाला. छत्री निघत नव्हती. दोघांनी मिळून ओढली, तेव्हा काड्या निघाल्या आणि कापड आतच राहिलं.

हीच सगळी गोष्ट मग ओसरीवर पुन्हा झाली, कारण छत्रीपायी भिजलेला ओमप्रकाश घरी येऊन चहा घेत होता. आणि ओसरीला लागूनच आनंदाबाईची बाज. ओमप्रकाश गेल्यावर तिनं हाक मारली.

"मध्या, मी जातो."

"कुठं माय?"

"मसनात."

"असं नको बोलू वं."

"अरे जितीच जातो. बांधा तिरडी, झोपतो तिच्यावर. न्या पुलावरून. गावाचा मान व्हते, पुलाची सुरवात व्हते, तो छत्रीवाला दुरुस्ती करते. मंग मले मरायची घाई नाई." तिला धाप लागली. धाप संपल्यावर डोळे मिचकावून म्हणाली, "आन खरं सांगू? मेल्यावर मले कसं समजन, कोरडी नेली का वली? एकदा जित्यापणी पाहूनच घेतो."

मधुकरराव नाही म्हणाले. दोन दिवस नाहीच म्हणत होते. पण हळूहळू त्यांना ते पटत गेलं, आणि का पटलं हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. नत्थूजींना विचारलं. नत्थूजींनी बराच वेळ डोळे मिटले.

"तिरडीवर चढलं का माणूस मयतच," ते म्हणाले. "श्वास चालू असला तरी नियमात बसते."

श्रावणातला सोमवार ठरला. बारीक झिमझिम होती. मोतीलालचे बांबू, मोतीलालची सुतळी. आनंदाबाईनं तिरडीवरच्या गवतावर आधी हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "तणीस कमी टाकलं रे, पाठीले रुतते." तणीस वाढवलं. ती झोपली. सवाष्णींनी कपाळाला कुंकू लावायचं का नाही, ह्याच्यावर थोडा वाद झाला, तो तिनंच मिटवला: "मी रांडाव हाये वं, मले कायचं कुंकू लावता? उचला रे!"

डफडं वाजायला लागलं. सगळं गाव निघालं. पुलाच्या तोंडाशी खांदेकरी दबकले, तर वरून आवाज आला, "गप काऊन? राम नाम म्हणा!"

"राम नाम सत्य है!"

"जोरात! मध्याच्या बापाच्या वक्ताले बोंबलले तसं!"

झुकलेल्या लादीवर पाऊल पडलं. लादी कुरकुरली, पण बसली नाही. एक खांब, दुसरा खांब. खालून गढूळ पाणी जात होतं. तिरडीवरून आनंदाबाईनं मान काढून खाली पाहिलं. लहान पोरीनं झुल्यावरून पाहावं तसं.

"कोरडी हाये रे मध्या!" ती म्हणाली. "पार कोरडी!"

मधुकररावांना वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल. आयुष्यात एवढं बरं त्यांना आधी कधी वाटलं नव्हतं, आणि पुढंही वाटणार नव्हतं.

पलीकडं मसनातल्या टिनाच्या शेडात तिरडी ठेवली. आनंदाबाई उठून बसली. लोक हसले, कोणी टाळ्या वाजवल्या. काठावरून ओमप्रकाशनं हात हलवून पूल चालू झाल्याचं मान्य केलं. मग खांदेकऱ्यांनी तिला परत न्यायला तिरडी उचलायला हात घातला, आणि नत्थूजी आडवे आले.

"कुठं नेता?"

"घरी."

"मसनातून मयत घरी नेत असते?"

खांदेकऱ्यांनी हात मागं घेतले. डफडंही थांबलं.

"नत्थूजी, माय जिती हाये माही!" मधुकरराव म्हणाले.

"येताना त मयत होती. तूच मयतीचा मान घेतला न? मंग येताना मयत आन जाताना जिती, असं पुलाले दोन तोंडानं बोलता येत नाई. उद्या गावात काई झालं त कोण जबाबदार?"

चंद्रभानचा भाऊ मागून म्हणाला, "माह्या घरी लहान लेकरं हायेत, सरपंच." आणखी कोणी कोणी माना हलवल्या. मघाशी हसणारी तीच तोंडं होती.

"मंग काय, मायले इथंच ठेवू?"

नत्थूजींनी पुन्हा डोळे मिटले. नियम यायला वेळ लागला. "मातीले आलेला माणूस घरी कसा जाते? नाल्यात डोकशावरून आंघोळ करून. आपणबी आता तसंच जाणार ना? बुढीनंबी तसंच करावं. डोकशावरून डुबकी, आन नाल्यातूनच पलीकडं. पुलावरून नाई. पुलावरून गेलेली मयत ती गेली. नाल्यातून निघन ती आनंदाबाई."

हे इतकं सोपं होतं, की सगळ्यांना पटलं. दमेकरी म्हातारी, श्रावणातलं पाणी, ह्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही असं नाही. मधुकररावांच्या मनात तर तेवढाच एक विचार होता. त्यांनी नत्थूजींकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. माय माझी, घर माझं, सरका बाजूला, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर अख्खं गाव उभं होतं, आणि त्याच गावानं त्यांना दोनदा निवडून दिलं होतं.

त्यांनी मायला उचलून घेतलं. तिचं वजन कापसाच्या गाठोड्याएवढंही नव्हतं. पाणी कमरेला लागलं तेव्हा तिनं त्यांच्या मानेला मिठी मारली. डोकं बुडवलं तेव्हा तिचा श्वास असा अटकला, की मधुकरराव ओरडले. मग ती खोकत खोकत वर आली, ओठ निळे, केसांतून पाणी गळतंय.

"रडू नको," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "हे वलं मी धरत नाई. ते कोरडं-वलं मेल्यावरचं."

---

तिला रात्रीच थंडी भरली. वडनेरहून डॉक्टर आणला, सुया टोचल्या. छातीत पाणी झालं, डॉक्टर म्हणाला. शोभाबाई रात्रंदिवस शेकत बसली आणि नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

आणि खात्यानं शब्द पाळला. ह्याआधी कधी पाळला नव्हता, ह्याच वेळी पाळला. पूल वापरात आला, भेग दिसायला लागली, दुरुस्ती मंजूर झाली, आणि ओमप्रकाश घणवाले मजूर घेऊन हजर झाला. मधुकरराव पोचले तेव्हा झुकलेली लादी फोडून झाली होती, आणि मजूर तिचे तुकडे नाल्यात ढकलत होते.

"अरे थांबा! आता नको! माय आजारी हाये माही!"

"सरपंचजी, तुमीच त मागं लागले होते," ओमप्रकाश म्हणाला. "मंजुरी वापस गेली त पुन्हा कधी येईन भरवसा नाई. पूल चालू झाला, म्हून बंद केला. चालू झाला नसता त बंदबी करता आला नसता."

दुसऱ्या दिवशी झड लागली आणि काम थांबलं. मग पोळा आला. मजुरांचे बैल नव्हते, पण पोळा होता, ते आपापल्या गावी गेले. पूल पलीकडून धड आणि अलीकडून तुटका असा उभा राहिला. रस्ता आणि पूल यांच्या मधल्या खिंडीतून नाला वाहत होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, दुपारी, आनंदाबाईनं डोळे उघडले. बाहेर पोट्टे मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणारा पुतळा, घेऊन ओरडत चालले होते, "घेऊन जा गे मारबत! खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत!"

"मध्या," ती म्हणाली. "झाला का रे पूल नीट?"

शोभाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"झाला माय," मधुकरराव म्हणाले. "एकदम पक्का झाला."

"मंग ठीक," ती म्हणाली. थोड्या वेळानं मधुकररावांनी तिच्या नाकाशी बोट धरलं. ह्या वेळी बोटाला काही लागलं नाही.

मयत दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. नाला काखेपर्यंत होता. लाकडं पलीकडं शेडात रचलेली होती, घासलेटचा डबाही होता. सगळं गाव आलं होतं. खांदेकऱ्यांनी तिरडी खांद्यावर घेतलीच नाही, हात वर करून डोक्यावर उचलून धरली, कोरडी राहावी म्हणून. चंद्रभानचा भाऊ पुढच्या बाजूला होता. मधुकरराव सगळ्यांच्या पुढं, हातात विस्तवाचं मडकं. पहिल्याच खांबाशी त्यांचा पाय फोडलेल्या लादीच्या तुकड्यावरून घसरला. मडकं गेलं. मागचा माणूस त्यांच्यावर आला, तिरडी कलली, पाणी एकदा आनंदाबाईच्या अंगावरून गेलं, आणि मग लोकांनी तिला सावरून पलीकडं नेलं.

तिला सरणावर ठेवलं. घासलेट ओतलं. विस्तव नव्हता. लोकांच्या खिशातल्या काडेपेट्यांचा लगदा झाला होता. चिंधू कोतवालानं नाल्याकाठी येऊन अलीकडं हाक मारली. अलीकडं ओमप्रकाश बूट घालून उभा होता. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं खिशातून काडेपेटी काढली, पुलाच्या तुटक्या टोकापर्यंत गेला आणि तिथून ती पलीकडं फेकली. ती नाल्यात पडली.